किनाऱ्याला लागल्यावर



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या खाडीत किती मुलांना पोहायला शिकवलं हे इथं बसलेल्या अनेकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे विषय निवडायला मला वेळ लागला नाही. लहान होडी उलटते, माणूस पाण्याखाली जातो, कुणीतरी त्याला वर ओढतं आणि तो जगतो. त्यानंतरच्या महिन्यांत आणि वर्षांत त्याच्या शरीराचं आणि मनाचं काय होतं, त्याबद्दल मी बोलणार आहे. अपघात कसा टाळावा हे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते सांगतात ते बरोबरच आहे. पण बुडताना वाचलेला माणूस रुग्णालयातून घरी गेला की आपण त्याचं नाव यादीतून काढून टाकतो. ते नाव निदान वर्षभर यादीत राहिलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

अलीकडच्या आपल्याच बातम्या आठवा. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोलीत वैनगंगेवर मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव उलटली, सहा जणी बुडाल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडली. सहा जण गेले, एक जण पोहत काठाला लागला. १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ माणसं गेली, शंभराच्या आसपास वाचली. मेलेल्यांचे आकडे दोन-तीन दिवस पहिल्या पानावर असतात आणि ते असायलाच हवेत. वाचलेल्यांचा आकडा मात्र सुटकेचा निःश्वास टाकण्यापुरता छापला जातो.

वैद्यकशास्त्रानंही बराच काळ असंच केलं. २००२ साली ॲम्स्टरडॅमला बुडण्याविषयी जागतिक परिषद भरली. बुडण्याच्या घटनेचे शेवट तीन प्रकारचे मोजायचे, असं तिथं ठरलं: मृत्यू, इजा राहून जगणं, आणि इजेविना जगणं. जागतिक आरोग्य संघटनेनं ते स्वीकारलं. आपल्याकडच्या नोंदीत यातला पहिला प्रकार येतो. मधला कुठंच येत नाही.

आता फुप्फुसांकडे वळू. पाण्याखाली श्वास रोखून धरणं अशक्य झालं की पाणी घशाशी येतं आणि स्वरयंत्र आवळून वाट बंद करतं. रक्तातला ऑक्सिजन उतरला की ती पकड सुटते आणि पाणी आत शिरतं. छाती पाण्यानं गच्च भरते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मोठ्या माणसाला पेलाभर पाणीही पुरतं. वायुकोशांच्या आतून सर्फॅक्टंट नावाचा एक पातळ थर असतो, त्याच्यामुळे ते उघडे राहतात. तो धुऊन गेला की ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू चिकटाव्यात तसे वायुकोश मिटतात. हवा आत जाते, पण रक्तापर्यंत पोचत नाही. गोडं पाणी आणि खारं पाणी यांतला फरक पूर्वी पुस्तकात फार मोठा करून शिकवत. उपचार करताना त्याचं महत्त्व फारसं उरत नाही.

एवढं कळलं तर किनाऱ्यावर आपण जे करतो ते किती घातक आहे हेही कळेल. बुडालेल्याला उलटा टांगणं, मडक्यावर पालथा घालून फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, मिठात पुरून ठेवणं. पोट दाबलं की पोटातलं पाणी आणि अन्न वर येतं आणि तेच फुप्फुसात उतरतं. फुप्फुसातलं पाणी असं निघत नसतं. अशा माणसाला आधी तोंडानं श्वास द्यायचा असतो, मग छाती दाबायची. नुसती छाती दाबण्याची जी पद्धत हल्ली शिकवली जाते ती अचानक हृदय थांबलेल्यांसाठी ठीक आहे. बुडालेल्याचं हृदय ऑक्सिजनविना थांबलेलं असतं. त्याला हवाच दिली नाही तर नुसतं दाबून फिरणार काय? डेव्हिड स्पिलमन या ब्राझिलियन डॉक्टरांनी १९९७ साली १,८३१ जणांच्या नोंदी मांडल्या. ज्यांना फक्त खोकला होता त्यांच्यातलं कुणीही दगावलं नाही. ज्यांचा श्वास थांबला होता पण हृदय चालू होतं, त्यांच्यातले ४४ टक्के गेले. दोन्ही थांबलेल्यांतले ९३ टक्के गेले. ४४ आणि ९३ यांच्यामध्ये जी काही मिनिटं आहेत, ती मडकं शोधण्यात जातात. जो वाचतो त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा निकालही बहुतेक वेळा याच मिनिटांत लागलेला असतो. म्हणून दूरच्या परिणामांवर बोलताना मला किनाऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

फुप्फुसांच्या बाबतीत बातमी बरीचशी चांगली आहे. जी माणसं पहिला आठवडा काढतात त्यांतल्या बहुतेकांची फुप्फुसं काही आठवड्यांत पूर्ववत होतात. काहींच्या श्वासनलिका मात्र चिडक्या होतात. थंड हवा, धूर, धूळ लागली की छाती आवळते, खोकला थांबत नाही. बिडी ओढणाऱ्याला हा त्रास जास्त होतो आणि त्याचं खापर बिडीवर फुटतं. लहान होडीत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे तेल. होडी उलटते तेव्हा टाकीतलं पेट्रोल किंवा डिझेल आणि तळाला साठलेलं तेलकट पाणी माणसाच्या भोवतीच पसरतं. तेल फुप्फुसात गेलं तर सूज वेगळीच येते आणि उतरायला वेळ लागतो. म्हणून घरच्यांनी डॉक्टरांना एक गोष्ट सांगावी: पाण्यावर तेलाचा तवंग होता का, कपड्यांना वास येत होता का.

दुसरी एक गोष्ट घरच्यांना कुणी सांगत नाही. व्हेंटिलेटरवर राहिलेल्या माणसाच्या घशात नळी असते. ती काढल्यावर काही आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, श्वासनलिकेत व्रण धरून ती अरुंद होऊ शकते. आवाज घोगरा होतो, चढण चढताना श्वास घेताना शिटी वाजते. अशांना दमा म्हणून पंप दिला जातो, तो लागू पडत नाही आणि मग मोठा पंप दिला जातो. नळी घातलेल्या माणसाला नंतर असा दमा झाला तर दुर्बिणीतून श्वासनलिका बघायला सांगा. हे हक्कानं मागायचं आहे.

संसर्गाबद्दल थोडक्यात सांगतो. गढूळ पाणी, गाळ, खाडीतला चिखल यांतून येणारे काही जंतू सावकाश डोकं वर काढतात. मेलिऑइडोसिस नावाचा आजार आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तो न्यूमोनियासारखा दिसतो, क्षयासारखा दिसतो, आणि शरीरात दबा धरून कधी वर्षांनीही उठतो. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये पाण्यातून वाचलेल्यांमध्ये तो आढळला होता. गाळात राहणारी एक बुरशी तर आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मेंदूत गळू करते. ही घटना विरळ आहे, पण तेव्हा डोकेदुखी आणि तापाचा संबंध बुडण्याशी जोडायला कुणाला सुचत नाही. रुग्णानं स्वतःहून सांगायचं: मी अमुक महिन्यात पाण्यात गेलो होतो.

मेंदूचं मात्र फुप्फुसांसारखं नसतं. चार ते सहा मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही की पेशी मरू लागतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सगळा मेंदू एकाच वेगानं मरत नाही. नव्या आठवणी साठवणारा भाग, हालचालींचा तोल राखणारा भाग आणि मेंदूच्या खोलातल्या गाठी सर्वांत आधी जातात. म्हणून माणूस उठतो, बोलतो, घरच्यांना ओळखतो, आणि सगळे म्हणतात, वाचला रे बाबा. मग दोन महिन्यांनी त्याच्या वागण्यातली फट दिसू लागते. मासे विकणारी एक बाई माझ्या दवाखान्यात येत असे. तिला वीस वर्षांपूर्वीच्या लग्नातले मानपान तोंडपाठ होते, पण सकाळी कुणाला उधार दिलं ते दुपारी आठवत नव्हतं. नवरा म्हणायचा, हिचं लक्ष नाही. लक्ष होतं, साठवण राहिली नव्हती. तिला आम्ही प्रत्येक उधारीची खूण वहीत काढायला लावली. लिहिता येत नव्हतं, म्हणून गिऱ्हाइकाच्या घराचं चित्र. तिचा धंदा टिकला.

दुसरा रुग्ण खलाशी होता, तिशीतला. खाडीच्या मुखाशी होडी उलटली आणि तो जाळ्याखाली अडकला. बाहेर काढला तेव्हा श्वास नव्हता. दोन आठवडे आयसीयूत राहून तो चालत घरी गेला. काही महिन्यांनी त्याची आई त्याला घेऊन आली. गावात बोभाटा झाला होता की पोरगा पिऊन पिऊन कामातून गेला, हात थरथरतात. आई म्हणाली, “डॉक्टर, घरात थेंब नाही हो, देवाशपथ सांगते.” तो माझ्यासमोर बसला होता तेव्हा त्याचे हात मांडीवर अगदी स्वस्थ होते. मी चहाचा पेला पुढं केला. त्यानं हात उचलला आणि पेल्याच्या जवळ जाता जाता मनगट, कोपर, खांदा एकामागून एक झटके मारू लागले. पेला मी धरून ठेवला होता म्हणून पडला नाही. त्यानं हात मागं घेतला आणि पुन्हा सगळं शांत. दारूच्या थरथरीत असं होत नाही. ऑक्सिजन तुटलेल्या मेंदूची ही ओळखीची खूण आहे. जेम्स लान्स आणि रेमंड ॲडम्स या दोन डॉक्टरांनी १९६३ साली तिचं वर्णन केलं. माणूस स्वस्थ असतो तेव्हा काही नाही, काही करायला जातो तेव्हा झटके. अपस्माराची काही औषधं त्यावर चालतात. त्याला ती लागू पडली. पेला अर्धा भरला तर तो स्वतः चहा पिऊ लागला, जाळ्याची फाटकी कड शिवू लागला. समुद्रावर तो परत गेला नाही. पण त्याच्या आईला पंचांसमोर सांगता आलं की हा आजार आहे, आणि हा कागद आहे.

तो कागद मिळायला इतके महिने का लागले? कारण घरी सोडतानाच्या पत्रावर ‘प्रकृती स्थिर’ असं लिहिलेलं होतं आणि पुन्हा यायची तारीख नव्हती.

वाचलेल्यांच्या मागं नीट लागलं तर काय दिसतं, याचं एक उदाहरण डेन्मार्कमध्ये आहे. ११ फेब्रुवारी २०११ रोजी प्रेस्टो नावाच्या खाडीत १३ विद्यार्थी आणि दोन शिक्षक असलेली वल्ह्यांची बोट उलटली. पाणी २ अंश सेल्सिअस. एक शिक्षक बुडाले. सात जण सापडले तेव्हा त्यांची हृदयं थांबलेली होती, शरीरं १५ ते २० अंशांपर्यंत गार पडली होती. त्यांचं रक्त यंत्रातून फिरवून हळूहळू ऊब देण्यात आली आणि सातही जण जगले. वर्तमानपत्रांची गोष्ट इथं संपली असती. तिथल्या डॉक्टरांनी ती संपू दिली नाही. त्यांनी या मुलांचे एमआरआय काढले, स्मरणाच्या, लक्षाच्या, विचारांच्या वेगाच्या चाचण्या घेतल्या आणि राहिलेल्या उणिवा कमीजास्त कितीही असोत, लिहून ठेवल्या. म्हणून त्यांच्या शिकण्याची आणि पुनर्वसनाची आखणी करता आली.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. बर्फासारख्या पाण्यात मेंदू लवकर गार पडतो आणि त्याची ऑक्सिजनची गरज उतरते, म्हणून अशा सुटका घडतात. आपल्या खाड्या आणि धरणं कोमट आहेत. आपल्याकडे मिनिटांचा हिशेब कडक आहे. पाच मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्याला चांगली आशा असते, दहाच्या पुढं ती झपाट्यानं घटते, पंचविसाच्या पुढं जवळजवळ नसतेच. तिकडच्या बातमीवरून इकडच्या आईला भलती आशा दाखवू नये.

मुलांविषयी मात्र आशेचा एक वेगळा धागा आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथल्या संशोधकांनी बुडण्यातून वाचलेल्या, हातपाय हलवू न शकणाऱ्या, बोलू न शकणाऱ्या मुलांचे मेंदू तपासले. इजा मुख्यतः हालचालींच्या मार्गांत होती. पाहण्याचे, ऐकण्याचे, समजण्याचे मार्ग त्या मानानं बरेच शाबूत होते. अंथरुणाला खिळलेल्या ज्या मुलाला काहीच कळत नाही असं आपल्याला वाटतं, त्याला आपण समजतो त्याहून बरंच कळत असण्याचा संभव आहे. त्याच्या उशाशी बसून ‘देवानं तेव्हाच सोडवलं असतं तर’ असं म्हणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. कृपा करून असं बोलू नका. त्याच्याशी रोज बोला, गोष्टी सांगा, आणि फिजिओथेरपी सोडू नका. सांधे एकदा आखडले की ते मोकळे करणं फार वेदनेचं असतं.

आता मनाकडे येतो. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूला कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलामुलींनी भरलेली बोट उलटली आणि तीन मुली बुडाल्या. बाकीची मुलं वाचली. ती आज पंचविशीच्या आसपास आहेत. अशा मुलांचं पुढं काय होतं हे ब्रिटिश संशोधकांनी ‘ज्युपिटर’ जहाजाच्या अपघातानंतर पाहिलं. ऑक्टोबर १९८८ मध्ये ग्रीसच्या पिरिअसजवळ शाळकरी मुलांना घेऊन निघालेलं हे जहाज बुडालं. मृत्यू चारच झाले, शेकडो मुलं वाचली. विल्यम यूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या २१७ जणांना पाच ते आठ वर्षांनी पुन्हा गाठलं. निम्म्याहून जास्त मुलांना मधल्या काळात केव्हा ना केव्हा आघातोत्तर ताणविकार झाला होता, आणि त्यांतल्या साधारण एक तृतीयांशांना तो तेव्हाही होता. स्वप्नं, दचकणं, पाण्याचा आवाज आला की छाती धडधडणं, परीक्षेत मन न लागणं. ज्यांच्यातल्या अनेकांच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता त्यांची ही गोष्ट आहे.

मोठ्या जहाजावर वाचलेले आणि गेलेले एकमेकांना बहुधा ओळखत नसतात. लहान होडीत मामा-भाचे असतात, दोन सख्खे भाऊ असतात, एका वाडीतल्या जावा-जावा असतात. होडीचा तांडेल वाचला आणि त्याचा पुतण्या गेला, तर त्या घरात रोज जेवताना कुणाच्या डोळ्याला कोण डोळा भिडवणार? मी का राहिलो, मी त्याचा हात का सोडला, हा प्रश्न अशा माणसाला पोखरतो. वर गावात कुणीतरी तो मोठ्यानं विचारतंच. माणूस पिऊ लागतो, बंदरावर जायचं टाळतो, आळशी ठरतो. वाडीतल्या वडीलधाऱ्यांनी एक काम करावं. पहिल्या महिन्यातच त्या घरी जाऊन सगळ्यांसमक्ष सांगावं की कुणाचा दोष नाही. माझ्या गोळ्यांपेक्षा त्याचा गुण लवकर येतो, हे मी पाहिलेलं आहे.

मात्र अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी घेराव घालून ‘सगळं सांग, मन मोकळं कर’ असं करू नका. एका बैठकीत जबरदस्तीनं सगळं उकरून काढल्यानं पुढचा आजार टळत नाही, उलट काहींचा वाढतो, हे संशोधनात दिसलं आहे. त्या दिवशी कोरडे कपडे, गरम पेज, ओळखीचं माणूस आणि झोप द्यावी. महिनाभरानंतरही स्वप्नं आणि धास्ती टिकली तर उपचार घ्यावेत. बोलण्याचे ठरावीक उपचार आहेत, ते पाण्याशी पायरी-पायरीनं पुन्हा ओळख करून देतात. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

आणखी एक मुद्दा पैशांचा. मत्स्य संपदा योजनेखाली मच्छीमारांना समूह अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, रुग्णालयाच्या खर्चासाठी २५ हजारांपर्यंत. योजना चांगली आहे. पण माझा खलाशी कोणत्या रकान्यात बसतो? त्याचे हातपाय जागेवर आहेत. २०१६ च्या दिव्यांग कायद्याखालचे बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. स्मरण, लक्ष, झटके, पाण्याची धास्ती यांची टक्केवारी काढायला तपासणी लागते, ती जिल्ह्याच्या गावी होते, आणि तिथं जायला बोट नाही तर एसटी लागते. आणि ज्या मजूर बायका नावेतून शेतावर जातात त्यांना मच्छीमारांचा विमाही लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद हवी आणि ती मागायला आपण एकत्र आलं पाहिजे.

शेवटी, वाचलेल्यांची नावं यादीत ठेवण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राला मी जे सुचवलं आहे त्याला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. एक वही लागते. बुडण्यातून वाचलेल्या प्रत्येकाचं नाव त्यात, आणि समोर तीन तारखा: आठ दिवसांनी, महिन्यानं, सहा महिन्यांनी. आशाताईंनी घरी जाऊन विचारायचं: दम लागतो का, झोप येते का, विसरायला होतं का, कामावर जाता का. एकाचंही उत्तर वाईट आलं तर पुढं पाठवायचं. आमच्या दोन वाड्यांत ही वही सुरू झाली आहे. मच्छीमार सोसायटीच्या सचिवांना माझी विनंती आहे की होड्यांच्या नोंदीबरोबर त्यांनीही अशी वही ठेवावी, म्हणजे दोन याद्या ताडून पाहता येतील आणि कुणी निसटणार नाही.

ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी सभागृह नऊ वाजेपर्यंत उघडं ठेवायचं कबूल केलं आहे. ज्यांच्या घरात असं कुणी आहे, अपघात गेल्या पावसाळ्यातला असो की दहा वर्षांपूर्वीचा, त्यांनी थांबावं. जुने कागद सोबत नसले तरी चालेल, उद्या सकाळी दवाखान्यात घेऊन या.